नावातलं शिसं

व्यवहारात मला कोणी हरवलं नाही असं नाही. नाहूरचा गाळा घेताना जुन्या मालकाने मला चांगलाच गुंडाळला होता, आणि त्या माणसाला मी अजून मान देतो. पण ज्याने मला जिंकू दिलं, आणि का जिंकू दिलं ते न सांगता निघून गेला, त्याच्यावरचा माझा राग काही उतरत नाही. राग आहे की दुसरं काही, तेही आता नीट सांगता येत नाही.

तो माणूस मरोळच्या बाजूला एका जुन्या गावठाणात राहायचा. नाव लिहीत नाही. गाळ्यात आम्ही सगळे त्यांना अंकल म्हणायचो, आणि पाठीमागे ‘वासवाले अंकल’.

अंकल माणसाचा चेहरा नंतर बघायचे. आधी हुंगायचे. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा ते ओट्यावर बसून सायकलच्या पंपाने एका पांढऱ्या विटेत हवा मारत होते. वर न बघता त्यांनी दोनदा नाक ओढलं आणि म्हणाले, “छपाईवाला. टोल्युईन, इथाइल अ‍ॅसिटेट. आणि वाटेत वडा खाल्लास. तेल दोन दिवसांचं होतं, पोट बिघडेल.”

वडा मी पवईच्या सिग्नलजवळ खाल्ला होता. पोट संध्याकाळी बिघडलं.

मी त्यांच्याकडे गेलो ते हौसेने नाही. आमचा धंदा फरसाण-वेफर्सच्या पिशव्या छापायचा. शाई पातळ करायला जे द्रव लागतं ते छापून झाल्यावर उडून जातं, आणि पंखा ते बाहेर फेकतो. नखांना लावायच्या रंगासारखा गोडसर वास. वीस वर्षं त्या वासाचं कोणालाही काही वाटलं नाही, कारण शेजारी दुसरे गाळेच होते. मग दोन गाळे पाडून तिथे बावीस मजले उभे राहिले, आणि बाविसाव्या मजल्यालाही वास येऊ लागला. तक्रारींचे अर्ज झाले. प्रदूषणवाल्यांनी नोटीस दिली की वाफेचा बंदोबस्त करा, नाहीतर गाळा बंद. अकरा माणसं माझ्याकडे कामाला होती. मी स्वतः त्याच लाइनीत दुसऱ्याच्या मशीनवर रोजावर होतो, तिथून हा गाळा उभा केला होता. मोठ्या कंपन्यांनी बंदोबस्ताचे जे आकडे सांगितले ते ऐकून मी खुर्चीतून उठलो होतो. मग एका शाईवाल्याने हा पत्ता दिला. म्हणाला, घरी भट्टी लावून करतो म्हातारा, पण माल खरा.

माल म्हणजे त्या विटा, अंकल त्यांना लादी म्हणायचे. चिनी मातीसारख्या, लादीपावाएवढ्या, आणि मधाच्या पोळ्यासारख्या आरपार भोकं असलेल्या. अंकल त्या एका पांढऱ्या घोळात बुडवायचे, जशी आपण बेसनात भजी बुडवतो, मग पंपाने हवा मारून बुजलेली भोकं मोकळी करायचे, वाळवायचे, भाजायचे. शेवटी प्लॅटिनमचं पाणी. ते इतकं थोडं की मला विटेवर काही दिसायचंच नाही, आणि न दिसणाऱ्या वस्तूचे पैसे देणं माझ्या स्वभावात नाही.

“हे करतं काय?” मी विचारलं.

“तुझी वाफ आणि हवेतला ऑक्सिजन, दोघं शेजारून जातात, बोलत नाय. आठशे अंशाला तापवलंस तर बोलतात. ह्या लादीवर आणून बसव, तीनशेला बोलतात. मग वाफ जळते, ज्वाळा न होता. जाताना पाणी होऊन जाते, आणि आपण श्वासातून सोडतो तो वायू. वास नाय.”

“आणि लादी?”

“ती तिथेच. तिचं काय जात नाय.”

“म्हणजे दलाल,” मी म्हटलं.

“दलाल दोन्हीकडून घेतो. ही कोणाकडून काय घेत नाय.”

“मग तिला काय सुटतं यात?”

अंकलनी पंप खाली ठेवला आणि माझ्याकडे पहिल्यांदा बघितलं. मग पुन्हा पंप मारू लागले. मला वाटलं, राग आला. तिसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता फोन. हॅलो नाही, काही नाही. “तर तिला काय सुटतं, ते मना माहीत नाय. दोन दिवस विचार केला.” आणि फोन बंद.

हीच त्यांची पद्धत. प्रश्न विचारला की “विचार करून सांगतो” म्हणायचे किंवा तेही नाही, आणि दोन-चार दिवसांनी भल्या पहाटे मधल्याच वाक्यापासून सुरू करायचे. बायको म्हणायची, तुमचा तो पाद्री आला फोनवर. ते पाद्री नव्हते. एका रंगाच्या कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांची सगळी नोकरी गेली होती, आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी अंगणात ही भट्टी मांडली होती. आंटी, म्हणजे त्यांची बायको, तिला बेकरी म्हणायच्या. “आमच्याकडे पाव सोडून सगळा भाजतात,” असं मला पहिल्याच दिवशी सांगून त्यांनी चहा दिला होता.

भाव करायची माझी एक रीत आहे. समोरचा आकडा ऐकायचा, अर्धा सांगायचा, आणि चप्पल घालून फाटकापर्यंत जायचं. फाटकापाशी माणूस हाक मारतोच. अंकलनी आकडा सांगितला, मी अर्धा सांगितला, फाटकापर्यंत गेलो. हाक आली नाही. परत आलो. त्यांनी तोच आकडा सांगितला, जसा कोणी घड्याळातली वेळ सांगतो. मी पुन्हा फाटकापर्यंत गेलो, पुन्हा आलो. तिसऱ्या वेळी मी फाटकाबाहेर पाऊल टाकलं तर त्यांनी येऊन आतून कडी लावून घेतली. “ऊन लागेल, सावलीतून जा,” एवढंच म्हणाले.

मी त्यांच्याच भावाने घेतल्या. आठ लाद्या.

पण देण्याआधी त्यांनी माझी जी चौकशी केली तशी मुलीच्या बापानेही केली नसती. गाळ्यात काय काय उडतं? रुळांना चिकटू नये म्हणून कुठला फवारा मारता? कामगार केसांना काय लावतात? शेजारच्या गाळ्यात रबर तापवतात का? सगळं वहीत उतरवून घेतलं, आणि मग एक कागद दिला. सुवाच्य मराठी अक्षर. वर लिहिलं होतं, ‘ह्याने लादी मरते’. खाली ओळीने सिलिकॉन, गंधक, फॉस्फरस, शिसं.

मी तो कागद गांभीर्याने घेतला. पैसे दिले होते. गाळ्यात शिसं कुठे असेल ते शोधत फिरलो, आणि मला टेबलावर शिसपेन्सिली दिसल्या. त्याच दिवशी सगळ्या पेन्सिली जमा करून गाळ्याबाहेर काढल्या. डिझाइन बघणाऱ्याला सांगितलं, पेनाने खुणा कर. तो म्हणाला, शेठ, पेन खोडता येत नाही. मी म्हटलं, चुकू नकोस मग. परब नावाचा आमचा फोरमन, मालवणचा, तो कानावरची पेन्सिल काढून देताना इतका दुखावला की दिवसभर बोलला नाही.

अंकल लाद्या बसवायला आले आणि दारावरची पाटी वाचून थांबले. पाटी मीच लावली होती, ‘पेन्सिल आत आणू नये’. त्यांनी मला कारण विचारलं. मी सांगितलं. ते शाईच्या पिंपावर बसले आणि हसू लागले. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी. मी तापलो. म्हटलं, तुम्हीच लिहून दिलंय.

“अरे, पेन्सिलीत शिसं नसतं,” ते डोळे पुसत म्हणाले. “ते ग्राफाइट. शिसं फक्त नावात हाय, आत नाय.”

परबने माझ्यासमोरच पेन्सिल उचलून परत कानावर ठेवली.

हे वाक्य मी विसरलो नाही. पण त्याचा दुसरा अर्धा भाग असू शकतो हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. त्यांच्याही नाही आलं. आमच्यातला सगळा घोळ त्या अर्ध्या भागात आहे.

यंत्र सुरू झालं. यंत्र म्हणजे एक लोखंडी पेटी. पंख्याची वाफ तिच्यात जाते, तापवण्याच्या सळयांवरून लाद्यांमध्ये शिरते आणि चिमणीतून बाहेर पडते. अंकलनी दोन तापमापक लावले, लाद्यांच्या आधी एक आणि नंतर एक. “आधी तीनशे दाखवलं तर नंतर त्याच्यापेक्षा वर दाखवायला हवं. जळतंय म्हणून ऊब. दोन्ही सारखे झाले तर समज, लादी मेली.” वास पहिल्या दिवशीच गेला. वीस वर्षांत पहिल्यांदा मला गाळ्यात चहाचा वास आला.

महिन्याचं विजेचं बिल बघून मी पेटीचं तापमान तीनशेचं दोनशेवीस केलं. एवढं तर कुठल्याही सौद्यात खाली येतंच. चार दिवसांत परब म्हणाला, “शेटानू, डोळे झोंबतत.” गोड वास नव्हता, त्याच्या जागी काहीतरी तिखट, आंबूस, नाकाच्या मुळाशी चावणारं. बावीस मजल्यांतून पुन्हा फोन. मी अंकलना फोन करून ओरडलो. ते बसने आले, फाटकातच थांबून नाक ओढलं आणि सरळ काट्यापाशी गेले.

“किती केलास?”

“दोनशेवीस.”

“ह्याच्याशी भाव करू नको. अर्धं जळलं म्हणजे अर्धा त्रास कमी झाला असं नसतं रं. अर्धवट जळलेलं जास्त चावतं.” त्यांनी काटा परत तीनशेवर नेला. “तुझ्यासारखंच,” असं म्हणाले की मला तसं वाटलं, सांगता येणार नाही.

एका रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर ते मला आरेमध्ये घेऊन गेले. मला काम होतं, पण लाद्या पुन्हा लागणार होत्या आणि संबंध राखायचे होते. बसमधून उतरून एका तबेल्यापाशी आम्ही दगडावर बसलो. म्हशी, शेण, ओला चारा. त्यांनी डोळे मिटून दहा मिनिटं श्वास घेतला. मी विचारलं, हे काय चाललंय. म्हणाले, काटा शून्यावर आणतोय. आठवडाभर नाकात काय काय साचतं, ते काढायचं.

“शेणाचा वास शून्य कसा होईल?”

“मी जन्मलो तेव्हा आमच्या दारात हाच होता. म्हणून शून्य.”

परतताना बसच्या खिडकीतून ते मला एकेक वास सांगत आले. हे टायर, ही बेकरी, हे कुठेतरी वायर जळतेय. मला शेणाशिवाय काही आलं नाही. घरी बायकोने बूट बाहेर ठेवायला लावले.

मी त्यांची चौकशी केली होती, हे कबूल करतो. कोणी फायद्याशिवाय एवढं करत असेल तर मला झोप लागत नाही. मुलगी परदेशात, घर स्वतःचं, पेन्शन बरी. बिल्डरला जागा द्यायची नव्हती, कोणाचं देणं नव्हतं. मग पंप मारत का बसायचे? एकदा सरळ विचारलं, ही लादी तुम्ही म्हणता तशी बदलत नाही, मग तुमचा धंदा कसा चालणार? ते म्हणाले, “बदलत नाय असं पुस्तकात. खरं म्हणजे झिजते. हळू झिजते, म्हणून कोणाला दिसत नाय.” माझ्या प्रश्नाचं हे उत्तर होतं की नव्हतं, मला आजही कळलेलं नाही.

आता दसऱ्याचं सांगतो.

प्रदूषणवाल्यांनी शेवटच्या तपासणीचं कळवलं होतं. दसरा झाल्यावर आठवड्याने येणार होते. त्यात पास झालो तर नोटीस रद्द, नाहीतर कुलूप. दसऱ्याला मशीन बंद, धुऊन पुसून पूजा. दरवर्षी पूजा माझी आई करते. गाळा घेताना तिच्या बांगड्या गेल्या होत्या, त्यामुळे मशीनवर पहिला हात तिचा. परबने साफसफाईसाठी पेटीतला लाद्यांचा ट्रे बाहेर काढला होता. आईने विचारलं, हेच का ते, ज्याच्यामुळे गाळा वाचणार आहे? मी म्हटलं, हेच.

आईने शेंदराची डबी उघडली. मारुतीला वाहायचा शेंदूर, तेलात कालवलेला. दरवर्षी ती मशीनच्या कपाळाला बोटभर लावते. त्या वर्षी तिने आठही लाद्यांवर पाची बोटांनी लावला, सढळ. तेल भोकांतून आत उतरलं. केशरी, चकचकीत, प्रत्येक लादी जणू छोटा देव. मी हात जोडले. परबने फोटो काढला, तो अजून ऑफिसात लावलेला आहे.

दुसऱ्या दिवशी पेटी पेटवली. आधी धूर आला, तेलाचा. तो जाईल म्हटलं. गेला. मग हळूहळू गोडसर वास यायला लागला. तिसऱ्या दिवशी तो जुन्या दिवसांइतका झाला. मी काट्यांकडे बघितलं. आधी तीनशे, नंतर तीनशे. परब टोपी काढून म्हणाला, “शेटानू, ह्येचो जीव गेलो.”

तपासणीला चार दिवस होते.

ट्रे गाडीच्या डिकीत टाकला आणि निघालो. आईला अंधेरीला मावशीकडे सोडायचं ठरलं होतं, ती पुढच्या सीटवर. वाटेत मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. आई एवढंच म्हणाली, आधी विचार, मग ओरड. मी आधी ओरडलो.

गावठाणातल्या त्या गल्लीत आवाज घुमतो. नकली माल विकता, म्हाताऱ्या वयात लोकांना टोपी घालता, रविवारी मिस्साला बसता आणि सोमवारी हे धंदे करता. शेजारच्या ओट्यांवर माणसं उभी राहिली. आंटी पीठ लागलेले हात घेऊन दारात आल्या. माझ्यामागून आई गाडीतून उतरली आणि ओट्याच्या कडेला टेकली, तिचे गुडघे दुखतात.

अंकल ट्रेपाशी आले. त्यांनी एक लादी उचलून उन्हाकडे धरली, भोकांतून आरपार बघितलं. नखाने वरचा केशरी थर खरवडला. हुंगला. मग त्यांनी माझ्याकडे नाही, आईकडे बघितलं. आईच्या बोटांची टोकं अजून फिकट केशरी होती, शेंदूर लवकर जात नाही.

“बाय,” ते म्हणाले, “पूजा तुम्ही केलीत?”

“मीच,” आई म्हणाली. “दरवर्षी मीच करते. अकरा घरं चालतात भाऊ त्या गाळ्यावर. म्हटलं, आगीची वस्तू आहे, देवाचा हात असू दे वर.”

अंकलनी लादी खाली ठेवली. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं असं मला नेहमी वाटायचं, कारण बोलण्याआधी ते दोन दिवस घ्यायचे. या वेळी दोन क्षणही घेतले नाहीत.

“बरं केलंत,” ते म्हणाले. आणि माझ्याकडे वळून, “माझी चूक. चार दिवसांत दुसऱ्या देतो.”

“फुकट,” मी म्हटलं.

“फुकट.”

“आणि बसवायला स्वतः यायचं.”

“येतो.”

इतक्या झटपट मी आयुष्यात कुठला सौदा जिंकलो नव्हतो. गाडीत आईला म्हटलं, बघितलंस, सरळ बोटाने तूप निघत नाही. आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, “माणूस चांगला आहे रे. उगाच बोललास.” मी म्हटलं, चांगला असता तर चूक कबूल करायची वेळ आली असती का?

चौथ्या दिवशी ते रिक्षातून आले. पावाच्या टोपलीत, आंटींच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेल्या आठ लाद्या. डोळे लाल होते. भट्टी त्यांनी थंड होऊ दिली नव्हती, हे आंटींनी नंतर सांगितलं. तपासणीवाला आला, त्याने चिमणीला नळी लावली, आपलं यंत्र बघितलं, नाकानेही बघितलं, आणि सही करून गेला. गाळा राहिला. मी अंकलना पेढे दिले. त्यांनी एक हुंगला आणि म्हणाले, “खवा ताजा हाय.”

पुढच्या दसऱ्याला न बोलावता आले. हातात जॅमची काचेची बाटली, आत केशरी लगदा. ती त्यांनी आईच्या हातात दिली.

“बाय, हा आमच्याकडचा शेंदूर. यंत्राला हाच लावा. आणि पेटीच्या झाकणावर लावा, आत नको. आत देवाला गरम होतं.”

आई खूप हसली. परब माझ्या कानात म्हणाला, अंकल आता आपल्यात येतत की काय. मी म्हटलं, म्हातारपण आहे, दुसरं काय. दर दसऱ्याला बाटली येऊ लागली. आईला तिचं कौतुक. ती मावशीला सांगायची, आमच्या मशीनचा शेंदूर चर्चच्या गल्लीतून येतो.

तीन वर्षं अशीच गेली असतील. मग एक रंगवाला नवीन शाई घेऊन गाळ्यावर आला. खाण्याच्या वस्तूंच्या पिशव्या, म्हणून कागद दाखवत होता की आमच्या रंगात शिसं नाही. मी भाव पाडण्यासाठी म्हटलं, शिसं कुठे असतं आजकाल, पेन्सिलीतसुद्धा नसतं.

“शेठ, नाव बघून कळत नाही,” तो म्हणाला. “आता शेंदूर घ्या. जुन्या पद्धतीचा शेंदूर म्हणजे निव्वळ शिसं. नावात कुठे आहे?”

माझ्या हातात चहा होता. भिंतीवर परबने काढलेला तो फोटो होता, आठ केशरी लाद्या आणि हात जोडलेला मी. रंगवाला पुढे काय बोलला ते ऐकलं नाही. त्याने सांगितलेल्या भावाला मी हो म्हणालो, असं परबने नंतर सांगितलं. तो अजून त्याची आठवण काढतो.

तसाच मरोळला गेलो. अंकल ओट्यावर होते, बारीक झाले होते, मांडीवर पंप. नाक ओढून म्हणाले, “आज उपाशी आलास.”

मी म्हटलं, “तुम्हाला तेव्हाच कळलं होतं.”

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. “नखाने खरवडलं तेव्हाच.”

“मग माझी चूक, असं का म्हणालात?”

“माझीच. यादीत मी शिसं लिहिलं. शेंदूर लिहायला हवा होता. गावठाणाच्या वेशीवर मारुती हाय, लहानपणापासून रोज बघतो, आणि मना सुचलं नाय. रसायन माहीत होतं, माणसं विसरलो.”

“ते ठीक आहे. पण मी तुम्हाला गल्लीत उभं राहून चोर म्हटलं. तोंडावर का नाही सांगितलंत? एक वाक्य होतं. मी हरलो असतो, विषय संपला असता.”

अंकलनी पंपाचा दांडा दोनदा वरखाली केला. हवा नुसतीच गेली.

मग मी आयुष्यात न केलेली गोष्ट केली. त्या आठ लाद्यांची पूर्ण किंमत सांगितली. ते नाही म्हणाले. मी वाढवली. नाही म्हणाले. मी आणखी वाढवली आणि चप्पल घालून फाटकापर्यंत गेलो, का गेलो माहीत नाही, सवय. परत वळलो तर ते तिथेच बसलेले.

“लाद्यांचं राहू दे,” मी म्हटलं. “का नाही सांगितलं, तेवढं सांगा.”

“विचार करून सांगतो,” ते म्हणाले.

मी रोज सहाला उठून फोन उशाशी धरून बसू लागलो. बायकोने विचारलं, कोणाची वाट बघताय, मी सांगितलं नाही. दोन दिवस झाले, चार झाले, आठवडा झाला. तिसऱ्या आठवड्यात सहा वाजता त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी हॅलो न म्हणता थेट म्हटलं, “बोला अंकल.” आंटी होत्या. दफन चार वाजता, येणार का, म्हणून विचारत होत्या.

गेलो. चर्चमध्ये धूप जळत होता, मेणबत्त्या होत्या, निशिगंधाची फुलं होती. त्यांनी सगळे वेगवेगळे सांगितले असते. मला एकच वास आला, सगळा मिळून.

आईसाठी त्यांनी तसं केलं असेल, असं बायको म्हणते. त्या दिवशी तुम्ही जसे तापला होतात, आईंना काय काय बोलला असतात. मी म्हणतो, आईला मी का बोलेन? ती माझ्याकडे नुसती बघते. यादीतली चूक त्यांना खरंच स्वतःची वाटली असेल, असंही असेल. किंवा भांडण करण्यापेक्षा लाद्या भाजणं त्यांना सोपं वाटलं असेल. प्रत्येक कारण मी उचलून बघतो, आणि प्रत्येकात मीच लहान होतो. समोरचा माणूस असा निघून गेला की सौदा अर्धाच राहतो. हाक मारायला फाटकापाशी कोणी नाही.

आईला मी काही सांगितलेलं नाही. कसं सांगणार? तिच्या हाताने गाळा बुडत होता, हे तिला आता या वयात सांगून कोणाचं काय सुटणार आहे? आणि ते नाही सांगायचं म्हटलं तर दसऱ्याला बाटली लागते. आंटींना विचारलं, त्यात काय घालायचे. त्या म्हणाल्या, गेरू आणि पिवडीची पिवळी माती, तिळाच्या तेलात, म्हणायचे लोखंडाच्या गंजाने लादीचं काय बिघडत नाय. प्रमाण त्यांना माहीत नव्हतं. गेल्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी गाळ्यात एकटाच बसून ते कालवलं. पहिल्यांदा विटेसारखं लाल झालं, मग हळदीसारखं. तेल जास्त झालं, मग गेरू वाढवला. दुपार गेली. रंग थोडाफार जमल्यावर जॅमच्या त्याच बाटलीत भरलं.

आईने बाटली उघडून बघितली. “ते गेले ना? मग हा कुठून आला?”

“करून ठेवला होता त्यांनी. बराच.”

आईने बोटाने थोडा घेतला, अंगठ्यावर चोळला. मग माझा हात तिने धरला आणि नखं बघितली. सगळी लाल होती, दोनदा साबणाने धुऊनही. ती काय बघते आहे, किती बघते आहे, मला कळेना. परब पेन्सिल कानावर ठेवून मागे उभा होता.

“बरं केलंस,” आई म्हणाली, आणि पेटीच्या झाकणावर, फक्त झाकणावर, बोटभर लावला.